लोणार : दगडांची साक्ष

पृथ्वीवर आकाशातून दगड पडतात, ही गोष्ट आज शाळेतले मूलही सांगेल. परंतु सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठे पंडित ती मानावयास तयार नव्हते. खेड्यातली माणसे सांगत की, आम्ही आमच्या डोळ्यांनी दगड पडताना पाहिले. पंडित म्हणत, ही अडाण्यांची कल्पना! पुढे 1803 च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील लेग्ल या गावाच्या परिसरात भर दिवसा तीन हजारांवर दगड कोसळले. ज्याँ-बाप्तिस्त बियो नावाचा तरुण शास्त्रज्ञ तेथे मुद्दाम गेला. त्याने गावोगाव हिंडून लोकांच्या जबान्या घेतल्या आणि पडलेले दगडही तपासले. सगळे दगड एकाच जातीचे होते आणि त्या भागातल्या कोणत्याही खडकाशी जुळत नव्हते. माणसांची साक्ष आणि दगडांची साक्ष एक झाली, तेव्हा कोठे विद्वानांची खात्री पटली.

आकाशातून जळत येते ती उल्का आणि न जळता जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी. आपल्याकडे 2012 च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यातील काटोल भागात असा अशनिपात झाला. लोकांनी उजेड पाहिला, आवाज ऐकला, तुकडेही सापडले. तेथे साक्षीदारांची वाण नव्हती. पण जो आघात पाहायला जगात आजचा माणूसच नव्हता, त्याची साक्ष कोणी द्यायची? हा प्रश्न मला लोणार येथे पडला. त्याचे उत्तर जसे मला उमगले, तसे वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भूगोल विभागाची सहल लोणारला गेली. कळमनुरीहून हिंगोली, सेनगाव, रिसोड असा रस्ता धरला की सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. एस. टी.ची प्रासंगिक कराराची गाडी पहाटेच निघाली. लोणार गाव बुलढाणा जिल्ह्यात आहे. म्हणजे आपण मराठवाड्यातून निघून वऱ्हाडात शिरतो. जमीन मात्र बदलत नाही. तीच काळी माती, तीच तूर आणि कापूस, तेच सपाट माथ्याचे टेकाड. मोठे आश्चर्य जवळ आले आहे याची कसलीही खूण वाटेत दिसत नाही. गाडीतून उतरून थोडी चढण चढलो आणि एकदम पायाखालची जमीन संपली!

समोर एक अतिप्रचंड, जवळजवळ गोल खळगा होता. कडेचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि खोली सुमारे 150 मीटर. कडेकडेने एक फेरी घालायची म्हटली तर पावणेसहा किलोमीटर चालावे लागेल. उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर. आपण ज्या चढणीवरून आलो ती साधी टेकडी नव्हती, हेही तेथेच कळले. विवराची कड भोवतालच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच उचललेली आहे. ताटाला जशी काठ असते, तशी ही काठ आहे.

लोणार आमच्या घरात नवे नव्हते. माझी आजी तरुणपणी नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला जाऊन आली होती. तिच्या तोंडून लवणासुराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे. हा दैत्य जमिनीखाली बिळात राहून लोकांना छळत असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून बिळाचा ठाव काढून घेतला आणि पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवून त्याला मारले. त्याचे रक्त म्हणजे हे पाणी आणि त्याचे मांस म्हणजे हे मीठ. गावातल्या दैत्यसूदनाच्या देखण्या कोरीव मंदिरामागे हीच कथा आहे. या गोष्टीला हसण्याचे मला कारण दिसत नाही. ज्यांनी ती प्रथम सांगितली, त्यांनी तीन गोष्टी बरोबर हेरल्या होत्या : येथली जमीन एकदा उघडली गेली, वरचे झाकण दूर उडाले आणि या पाण्याचा खारटपणा साधा नाही. त्या तिन्ही गोष्टींना एक कारण हवे होते, आणि त्यांना सुचले ते त्यांनी दिले.

शास्त्रज्ञांनाही कारण शोधायला पुष्कळ दिवस लागले. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात लोणारचा उल्लेख आहे. काच व साबण करण्याचे पदार्थ येथे मिळतात, असे त्यात नोंदलेले आहे. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे बहुतेकांचे मत एकच होते, ते म्हणजे हा ज्वालामुखीचा प्रताप आहे. हे मत अगदी स्वाभाविक होते. आपले सारे दख्खन लाव्हारसाच्या थरांनी बनलेले आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हा वारंवार वाहिला आणि थरावर थर साचले. ज्या भूमीचा जन्मच ज्वालामुखीतून झाला, तिच्यावरचा खळगाही त्याचाच असणार, असे कोणालाही वाटेल.

येथे एक गमतीची हकीकत सांगतो तो इतिहास. अमेरिकेतील अॅरिझोना येथे असेच एक गोल विवर आहे. 1896 साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामवंत भूवैज्ञानिकाने त्यावर विचार करताना लोणारचा दाखला दिला. लोणार ज्वालामुखीच्या प्रदेशात आहे, तेव्हा त्याच्यासारखे दिसणारे अॅरिझोनाचे विवरही वाफेच्या स्फोटाने झाले असावे, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे दोन्ही विवरे आकाशातल्या आघाताची ठरली! तुलना योग्य होती, निष्कर्ष तेवढा चुकला. आणि तो चुकला हे ठरवता आले, कारण दोन्हीकडचे दगड जागच्या जागी होते.

आता हे दगड काय बोलतात ते पाहू.

पहिली साक्ष थरांची. माझे वडील विहिरींच्या कामावर असतात. यारी लावून दगड वर काढणे आणि सुरुंगाची भोके भरणे हे त्यांचे रोजचे काम. आमच्या भागात विहीर खोदताना आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच एखादा तांबूस मातीचा पट्टा, पुन्हा पाषाण, असे लागत जाते. वडील नेहमी म्हणतात, “थर हा चुलीवरच्या भाकरीवानी आडवाच लागतो.” लोणारच्या कडेवर सरांनी आम्हाला थांबवून खडक दाखवला आणि मला वडिलांचे ते वाक्य आठवले. कारण तेथे थर आडवे नव्हते. ते विवरापासून बाहेरच्या बाजूला कलंडलेले होते. काही ठिकाणी तर ते उलटे होऊन पडले आहेत, म्हणजे खालचा वर आणि वरचा खाली. जमीन नुसती खचली असती तर थर आत झुकले असते. ते बाहेर वाकले, याचा अर्थ आतून बाहेर जबरदस्त रेटा बसला.

दुसरी साक्ष मोठ्या सूक्ष्म वस्तूंची आहे आणि तीच निर्णायक ठरली. सरोवराच्या तळात सुमारे 100 मीटर जाडीचा गाळ साचला आहे. त्याला भोके पाडून खालच्या चुरडलेल्या खडकाचे नमुने वर काढण्यात आले. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चार शास्त्रज्ञांनी 1973 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांना मॅस्केलिनाइट नावाचा पदार्थ सापडला. आपल्या काळ्या पाषाणात फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. त्या स्फटिकांवर हवेच्या दाबाच्या सुमारे तीन लाख पट दाब क्षणभर आला, तर ते न वितळताच काचेसारखे होऊन जातात. बाहेरचा आकार तोच राहतो, आतली रचना मात्र मोडून पडते. कोणताही ज्वालामुखी पृथ्वीच्या पाठीवर एवढा दाब निर्माण करू शकत नाही. तो येतो फक्त आकाशातून भयानक वेगाने आलेल्या वस्तूच्या आघाताने. वितळलेल्या दगडाचे थेंब हवेत उडून गार झाल्यावर बनलेले काचेचे बारीक मणीही येथे सापडले. ज्वालामुखीचा दावा तेथे संपला.

हा वेग कसा असतो, याची कल्पना आपल्या हिशेबाने करू. असा पाषाण सेकंदाला पंधरा ते वीस किलोमीटर वेगाने येतो. म्हणजे कळमनुरीहून निघालेला हिंगोलीला सेकंद-सव्वा सेकंदात पोहोचेल! एवढ्या वेगाची वस्तू जमिनीवर आदळली की तिच्यातली सगळी शक्ती एका क्षणात मोकळी होते. मग साधा खड्डा पडत नाही, तेथे स्फोटच होतो. म्हणूनच पाषाण तिरपा आला तरी विवर बहुधा गोल होते. आणि म्हणूनच विवर पाषाणापेक्षा दहा-वीस पट रुंद असते.

सहलीहून आल्यावर मी वहीतली आकृती वडिलांना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग विचारले, “माय, समदं खरं. पण त्यो वरून आलेला धोंडा कुठं हाय मग?”

मी म्हटले, “दादा, तुमचा सुरुंग उडाल्यावर आतली दारू कुठं ऱ्हाते?”

ते हसले. म्हणाले, “दारू कशाची ऱ्हाते! तिचाच तर धूर व्हतो.” थोडे थांबून त्यांनी पुन्हा आकृतीकडे पाहिले आणि म्हणाले, “हां. तवा ह्यो लई मोठा सुरुंग म्हनायचा.”

वडिलांचा प्रश्न फार मोठा आहे, हे मला पुढे वाचनात कळले. अॅरिझोनाच्या विवराखाली लोखंडाचा भला मोठा गोळा पुरलेला असणार, अशा खात्रीने डॅनियल बॅरिंजर या गृहस्थाने 1903 पासून पुढे पाव शतक तेथे खोदकाम केले. आघाताबद्दलचा त्याचा तर्क खरा होता. गोळा मात्र सापडला नाही, कारण त्याचा बहुतेक भाग आघातातच वाफ होऊन आणि चुरा होऊन उडून गेला होता. लोणारलाही अशनीचा हाती धरण्याजोगा तुकडा मिळालेला नाही. जो आला तो नाहीसा झाला. त्याने जे केले तेवढे उरले.

तिसरी साक्ष काळाची. पुष्कळ पुस्तकांत लोणारचे वय सुमारे 52 हजार वर्षे दिलेले आढळते. ते काचेत साठून राहिलेली ऊर्जा तापवून मोजण्याच्या पद्धतीने काढलेले होते. 2011 साली दुसऱ्या पद्धतीने केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. खडकात पोटॅशियम असते, त्याच्या एका प्रकारापासून अतिशय मंद गतीने आर्गॉन वायू बनत राहतो. खडक वितळला की जुना वायू निघून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. लोणारच्या वितळलेल्या खडकात आघातानंतर किती आर्गॉन साठला हे मोजले, तेव्हा वय निघाले सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे, त्यात 47 हजारांची मागेपुढे शक्यता. आधीच्या आकड्याच्या जवळजवळ अकरा पट! प्रथम हे वाचून मी गोंधळले. छापलेला आकडा बदलतो म्हणजे काय? घरात पुस्तक उघडणारी मी पहिलीच. छापले आहे म्हणजे ते कायमचे, असा आमच्या घरातला समज. सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “आकडा बदलला, कारण दगडाला पुन्हा विचारता आले.”

सरांचे हे वाक्य मला या सहलीचे सार वाटते. आजीचे ज्ञान कोणीतरी सांगितले म्हणून आलेले आहे. सांगणाऱ्याला पुन्हा विचारायची सोय नाही, कारण तो गेला. शास्त्राचे मोठेपण शास्त्रज्ञ कधी चुकत नाहीत यात नाही; गिल्बर्ट चुकलाच की! पण शास्त्राचा साक्षीदार जागेवर बसून असतो. ज्याला शंका आहे त्याने यावे आणि त्याला विचारावे. पन्नास वर्षांनी यावे, शंभर वर्षांनी यावे. मात्र साक्षीदार तेव्हा तेथे असला पाहिजे.

आणि नेमकी येथेच काळजी आहे. तळाकडे उतरताना आमच्यातल्या एकाने चकाकणारा, सच्छिद्र असा एक लहान दगड उचलून पिशवीत टाकला. घरी ठेवायला आठवण, एवढाच त्याचा हेतू. सरांनी पाहिले आणि तो दगड जेथून उचलला तेथेच परत ठेवायला लावला. तो म्हणाला, “सर, एका दगडानं काय होतंय?” सर म्हणाले, “वर्षाला येथे किती माणसे येतात? प्रत्येकाचा एकच दगड धर.” आम्ही मनातल्या मनात हिशेब केला आणि गप्प झालो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने 1979 साली लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले आहे. पण स्मारकाची वीट न् वीट पिशव्यांतून जाऊ लागली, तर पाटी तेवढी उरेल.

पाण्याचेही तसेच आहे. या सरोवरात पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी येते. बाहेर जायला वाट नाही. धारातीर्थावर गोमुखातून पडणारी गोड्या पाण्याची धार आम्ही पाहिली. आलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे असे होत आल्यामुळे हे पाणी खारटही झाले आणि सोड्यासारखे अल्कधर्मीही. हात बुडवला तर साबण लावल्यासारखा बुळबुळीत लागतो, नाकाला उग्र वास येतो. पूर्वी लोक येथली पापडी म्हणजे सोडा काढीत असत. अशा पाण्यात जगणारे सूक्ष्मजीवही वेगळे. 2020 च्या जून महिन्यात सारे सरोवर गुलाबी झाले आणि देशभर बातमी झाली. त्या उन्हाळ्यात पाणी कमी होऊन खारटपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की, मिठातच वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या अंगचा हा रंग आहे. काही दिवसांनी रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. पाणी आटले तर हा समतोल ढळतो. गोडे पाणी किंवा सांडपाणी फार आले तरीही ढळतो. आणि तळातला शंभर मीटर गाळ म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाची आणि दुष्काळाची बखर आहे. तिची पाने अजून पुरती वाचून झालेली नाहीत.

असे विवर कसे जपावे, याची उदाहरणे जगात आहेत. अॅरिझोनाच्या विवराच्या कडेवरच संग्रहालय आहे. तेथे सापडलेला 639 किलो वजनाचा लोखंडी अशनी त्यात ठेवला आहे. जर्मनीतील नॉर्डलिंगेन हे शहर तर सुमारे 24 किलोमीटर रुंदीच्या प्राचीन विवराच्या आतच वसले आहे. तेथल्या लोकांनी आघातात बनलेल्या दगडानेच आपले मोठे चर्च बांधले, आणि कित्येक शतके त्यांना त्याचा पत्ता नव्हता. 1960 साली शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या दगडात आघाताची खूण असलेले खनिज दाखवले, तेव्हा गावकऱ्यांना आपल्या भिंतींची कुळकथा समजली. 1970 साली चंद्रावर जाणारे अपोलो मोहिमेचे अंतराळवीर दगड ओळखायला शिकण्यासाठी त्या परिसरात आले होते. 1990 साली तेथे विवराचे संग्रहालय उघडले आणि त्यात चंद्रावरून आणलेला दगडही पाहायला मिळतो.

लोणारचे महत्त्व याहून वेगळे आहे. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्याच जातीच्या काळ्या पाषाणाचा आहे. आणि पृथ्वीवर काळ्या पाषाणात पडलेले, इतक्या चांगल्या स्थितीत राहिलेले विवर लोणारएवढे दुसरे नाही. चंद्र-मंगळावर काय घडले हे जमिनीवर उभे राहून समजून घ्यायचे, तर जगातल्या शास्त्रज्ञांना आपल्या शेजारच्या जिल्ह्यात यावे लागते. संग्रहालयात वस्तू कपाटात असतात आणि चिठ्ठी बाहेर असते. लोणारला सारे विवर हेच कपाट आहे आणि त्याला दार नाही. चिठ्ठी लिहायचे आणि ती वाचून दाखवायचे काम आपल्यासारख्या जवळपासच्या महाविद्यालयांतील मुलामुलींनी का करू नये?

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांनी लोणार यात्रेच्या निमित्ताने किंवा शाळेच्या सहलीत पाहिले असेल. पुन्हा एकदा जा. वही-पेन्सिल घेऊन जा. कमळजादेवीला हात जोडा, दैत्यसूदनाच्या मंदिरातले कोरीव काम डोळे भरून पाहा, आणि मग कडेवर उभे राहून एकदा थरांचा कल पाहा. आपापल्या गावच्या विहिरीत डोकावून तोच थर आडवा कसा दिसतो, तेही पाहा. दोन्हींतला फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याला पाच लाख वर्षांपूर्वीची ती घटना कोणाच्या सांगण्यावरून मानावी लागणार नाही. येताना मात्र पिशवी रिकामी आणा. आपल्यानंतर येणाऱ्यांनाही काही विचारायचे असेल.